कर्नाळ्याच्या सावलीत

कोकण हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या मनात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग उभे राहतात. हापूसच्या बागा, जांभ्या दगडाची घरे, लाल मातीच्या वाटा. त्या कोकणाला कवी लाभले, कादंबरीकार लाभले आणि शिमग्या-गणपतीला न चुकता गावी परतणारे चाकरमानीही लाभले. परंतु त्याच किनारपट्टीचा जो उत्तरेकडील भाग आहे, त्यातून सारेच जातात, थांबत मात्र कोणी नाही. पुण्याचा, गोव्याचा, अलिबागचा असा प्रत्येक प्रवासी पनवेल ओलांडतो. गाडी थांबेल तेवढ्या वेळात तो चहा घेतो, नाक्यावरचा गोंगाट ऐकतो आणि पुढे निघून जातो. जाता जाता खिडकीतून त्याला दक्षिणेस एक उभा सुळका दिसतो. मूठ वळून अंगठा तेवढा वर करावा, अगदी तसा. तो कर्नाळा. पूर्वेस दिसणारा रुंद, सपाट माथ्याचा डोंगर म्हणजे प्रबळगड. त्याला खेटून उभी असलेली निमुळती कलावंतीण. त्यांच्या पलीकडे इर्शाळगड आणि माथेरान. उत्तरेच्या अंगाला मलंगगड.

मी पनवेलला राहावयास आलो, त्यानंतरची कित्येक वर्षे सुटीचे दिवस मी या डोंगरांच्या पायथ्याशी घालवले. आरंभी किल्ले पाहावेत, एवढाच हेतू होता. पुढे किल्ल्यांपेक्षा त्यांच्या वाटेवरील माणसांकडेच माझे लक्ष अधिक जाऊ लागले. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख.

या उत्तर कोकणाला फार जुना लिखित इतिहास आहे. नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत येथे शिलाहार राजांचे राज्य होते. त्यांच्या ताम्रपटांत या प्रदेशाचा निर्देश पुरी-कोकण असा येतो आणि त्यात चौदाशे गावे असल्याचे सांगितलेले असते. चौदाशे गावांचा हा एक स्वतंत्र देशच होता म्हणा ना! अलिबागजवळच्या अक्षी या गावी शिलाहार राजा केशिदेव याच्या काळातील एक शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असे त्याचे वाचन अनेक अभ्यासकांनी केले आहे. मराठी भाषेतील अतिप्राचीन शिलालेखांत त्याची गणना होते. आपण आज जी भाषा बोलतो, ती या किनाऱ्यावर हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली होती. त्या दगडापुढे उभे राहिले म्हणजे अंगावर रोमांच उभा राहतो. लेखात काय आहे? राजाचे नाव आहे, प्रधानाचे नाव आहे, देवीला दिलेल्या धान्याची नोंद आहे, आणि दान मोडील त्याला शापही आहे. दगडावरील मजकूर बहुधा असाच असतो: देणाऱ्याचे नाव आणि मोडणाऱ्याला शाप.

पनवेलचा इतिहास मात्र दगडापेक्षा पाण्यावर अधिक लिहिला गेला. आज गाळाने भरत चाललेली पनवेलची खाडी एके काळी गलबतांनी गजबजलेली असे. मुंबईहून माल आणि माणसे होडीने पनवेलच्या बंदरात उतरत आणि तेथून बोरघाटाने देशावर जात. १८३० साली घाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर तर ही वाहतूक फारच वाढली. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. ज्या काळी महाराष्ट्रातील मोठमोठ्या गावांनाही नगरपालिका ठाऊक नव्हती, त्या काळी! पुढे १८६३ साली आगगाडी बोरघाट चढली. पण ती कर्जतवरून. पनवेल बाजूला राहिले. एखाद्या गावाचे भाग्य रुळांच्या एका वळणाने कसे पालटते, याचे हे चांगले उदाहरण आहे. शतकभर मागे पडलेल्या या गावाला २०१६ साली महानगरपालिका मिळाली, आणि २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात त्याच्या वेशीवर नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली गेली. असो.

कर्नाळ्याचा किल्ला लहान आहे. परंतु बंदरातून घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर त्याची नजर असल्यामुळे तो सर्वांनाच हवासा वाटे. देवगिरीचे यादव, अहमदनगरचे निजामशाह, पोर्तुगीज, मोगल अशा अनेकांच्या हाती तो गेला. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी जे तेवीस किल्ले मोगलांना दिले, त्यांत कर्नाळा होता. आणि १६७० साली महाराजांनी तो परत जिंकून घेतला. १८१८ साली कर्नल प्रॉथरने तो इंग्रजांसाठी घेतला, तेव्हा पेशव्यांच्या वतीने फडके घराण्यातील पुरुष तेथे किल्लेदार होते, असे सांगतात. त्याच घराण्यात, कर्नाळ्याच्या पायथ्याजवळील शिरढोण गावी, ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला.

शिरढोणला फडक्यांचा वाडा आहे. अंगणात उभे राहून मान वर केली की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. आजोबांच्या हातून गेलेला किल्ला लहानपणापासून रोज डोळ्यांसमोर असणे, ही गोष्ट साधी नव्हे. पुण्यास सरकारी लष्करी हिशेब-कचेरीत नोकरी करणाऱ्या या माणसाने १८७९ साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहिले ते रामोशी. शिकलेल्या मंडळींनी त्यांची व्याख्याने ऐकली, टाळ्याही दिल्या असतील. परंतु रानात त्यांच्याबरोबर उपाशीतापाशी हिंडले ते डोंगरदऱ्यांत वाढलेले लोक. त्याच वर्षी जुलैमध्ये वासुदेव बळवंत पकडले गेले. त्यांना जन्मठेपेची शिक्षा देऊन एडनच्या तुरुंगात पाठवण्यात आले. तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. शाळेत आपण त्यांचे नाव आदराने घेतो. त्यांच्याबरोबरच्या शेकडो रामोशांपैकी किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? एखाददुसरे सांगता आले तरी पुष्कळ.

हा प्रश्न माझ्या मनात प्रथम आला तो कर्नाळ्याच्या चढावर. हा परिसर १९६८ सालापासून पक्षी-अभयारण्य आहे. माझ्याबरोबर जवळच्या वाडीतील एक वृद्ध कातकरी गृहस्थ होते. मी त्यांना बाबा म्हणत असे, आणि ते मला गुरुजी म्हणत. मी किल्ल्याच्या इतिहासाचे पुस्तक वाचून आलो होतो. वाटेत कोणता राजा केव्हा आला, हे त्यांना उत्साहाने सांगत होतो. ते शांतपणे ऐकत होते. माथ्यावर पोचल्यावर सुळक्याच्या पायाशी असलेली पाण्याची टाकी मी त्यांना दाखवली. ते म्हणाले, "पानी हाय ते आम्हाला ठाव हाय, गुरुजी. आमचीच मान्सं पानी न्हेत व्हती." मग त्यांनी सुळक्याकडे बोट केले. तेथे आग्या मधमाश्यांची काळी पोळी लोंबत होती. कोणत्या महिन्यात माश्या येतात, कोणत्या झाडाच्या फुलावर जातात, कोणत्या वाऱ्याला चवताळतात, हे त्यांनी मला सांगितले. यादवांपासून इंग्रजांपर्यंत जे जे त्या गडावर आले, त्यांच्या आधीपासून त्या माश्या तेथे असाव्यात. बाबांचे पूर्वजही.

या डोंगरांत मुख्यतः दोन आदिवासी जमाती राहतात. वरच्या पठारांवर आणि माच्यांवर ठाकर. उतारावर, ओढ्यांच्या काठी आणि गावांच्या कडेला कातकरी. ठाकरांत 'क' ठाकर आणि 'म' ठाकर अशा दोन शाखा आहेत. बदलापूरचे अभ्यासक ल. ना. चापेकर यांनी त्यांच्यात हिंडून त्यांच्यावर एक मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो १९६० साली प्रसिद्ध झाला. ठाकर डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवतात, गुरे राखतात, वाघबारसेला वाघदेवाची पूजा करतात. वाघ कधीच गेला. पूजा चालू आहे. जो गेला त्याचे स्मरण ठेवण्याची ही रीत मला फार आवडते.

कलावंतिणीच्या कड्यावर खडकात कोरलेल्या उंच उंच पायऱ्या आहेत. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पोकळी. त्या पायऱ्या कोणी आणि का कोरल्या? लोक सांगतात की कलावंतीण नावाच्या राणीसाठी त्या केल्या. राजा कोण, राणी कोठली, याला कथेत उत्तर नाही आणि कथेला त्याची पर्वाही नाही. पायथ्याच्या प्रबळमाचीवर ठाकरांची वस्ती आहे. शिमग्याला ही मंडळी कड्याच्या माथ्यावर चढून जातात आणि तेथे फेर धरून नाचतात. जेथे आपल्यासारख्याला बसूनसुद्धा धड खाली पाहवत नाही, तेथे ते नाचतात! इतिहासकाराला त्या पायऱ्यांचे साल हवे असते. ठाकराला त्यांचा उपयोग ठाऊक असतो.

माथेरानचीही अशीच एक गोष्ट आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी चौक गावाहून चढून माथेरानचा शोध लावला, असे सर्व पुस्तकांत लिहिलेले असते. मॅलेट रसिक गृहस्थ असले पाहिजेत. वरची झाडी आणि हवा पाहून ते मोहून गेले आणि त्यांनी तेथे वस्ती करविली. परंतु ते चढले ती पायवाट कोणी पाडली होती? त्या पठारावर ठाकर, धनगर आणि कातकरी यांचा वावर होताच. सरकारने पुढे प्रसिद्ध केलेल्या गॅझेटिअरातच त्यांची वर्णने आहेत. एकाच ग्रंथात शोधाची कथाही आहे आणि आधीच तेथे असलेल्या माणसांची हकिकतही आहे, आणि या दोहोंत काही विसंगती आहे असे लिहिणाऱ्याला वाटलेले नाही.

याच रांगेत इर्शाळगड आहे. त्याच्या कुशीत इर्शाळवाडी नावाची ठाकरांची वस्ती होती. 'होती' हा शब्द लिहिताना हात अडखळतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, डोंगराचा कडा सुटला आणि वाडीवर आला. माणसे झोपली होती. वाडीला गाडीरस्ता नव्हता. चिखलातली उभी पायवाट चढून गेल्यावाचून तेथे पोचता येत नव्हते. त्यामुळे माती उपसण्याची यंत्रे वर नेता आली नाहीत. मदतीस गेलेल्या जवानांनी, गिर्यारोहक तरुणांनी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी फावडी-कुदळींनी माती उपसली. चौथ्या दिवशी शोध थांबवला गेला, तोवर सत्तावीस मृतदेह हाती आले होते. सत्तावन्न माणसे त्या मातीतच राहिली. वाडीची एकूण वस्ती होती अवघी २२८. वाचलेल्यांना पुढे खाली, चौकजवळ, पक्की घरे बांधून देण्यात आली. तेथे रस्ता आहे, वीज आहे, आणि ते योग्यच झाले. मात्र ज्या वस्तीत प्रत्येक खडकाला नाव होते, तेथून निघालेल्या माणसांना सपाटीवर ओळीने उभ्या असलेल्या घरांत स्वतःचे दार ओळखून जावे लागते.

आता कातकऱ्यांविषयी. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना शासनाने विशेष दुर्बळ आदिम जमाती मानले आहे, त्यांपैकी ही एक; दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. कातकरी आपली उत्पत्ती सांगतात ती अशी: रामाने लंकेच्या युद्धात ज्या वानरांचे साह्य घेतले, त्यांचे आम्ही वंशज. ही कथा ऐकून शहरातली मंडळी हसतात. मला तिच्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. आपला उल्लेख कोणत्याही ताम्रपटात नाही, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी स्वतःला सरळ रामायणात नेऊन बसवले. आणि कोणत्या भूमिकेत? राजाच्या नव्हे, सेतू बांधणाऱ्यांच्या. सूर्यापासून किंवा चंद्रापासून वंश सांगणारी राजघराणी आपल्याकडे थोडी नाहीत. त्यांना कोणी हसल्याचे ऐकिवात नाही.

कथेने एखाद्या समाजाला किती काळ सांभाळावे, याचे दुसरे उदाहरण पनवेलमध्येच आहे. येथे बेने इस्राएल समाजाचे बेथ एल नावाचे प्रार्थनामंदिर आहे. ते १८४९ साली बांधले गेले. हे लोक सांगतात की फार प्राचीन काळी आपल्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. त्यांच्याजवळचे ग्रंथ समुद्राने नेले. कथा तेवढी राहिली. ते तेलाचा घाणा चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांनी मराठी भाषा घेतली, पनवेलकर, पेणकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावे घेतली. १९४८ नंतर त्यांच्यातील बरेच जण इस्राएलला गेले. तेथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. एका फुटलेल्या गलबताची गोष्ट पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली, म्हणून हा समाज स्वतःला विसरला नाही.

कातकऱ्यांचे नाव मात्र कथेवरून पडलेले नाही. ते धंद्यावरून पडले. विड्यात आपण जो कात घालतो, तो खैराच्या झाडाच्या गाभ्यापासून होतो. गाभ्याचे तुकडे करून ते पाण्यात उकळायचे, उकळून उकळून तो रस घट्ट करायचा आणि त्याच्या वड्या वाळवायच्या. हे कष्टाचे आणि मोठ्या जाणकारीचे काम. कोणत्या झाडात कात भरला आहे, हे साल पाहून ओळखावे लागते. कात करणारे ते कातकरी. त्यांनाच काथोडीही म्हणतात. १८७८ साली इंग्रज सरकारने जंगलाचा कडक कायदा केला. रानाचे मोठमोठे पट्टे राखीव झाले. कालपर्यंत जे आपले होते, त्यात कुऱ्हाड घेऊन जाणे हा एका दिवसात गुन्हा ठरला. पुढे कात गेला आणि नाव तेवढे राहिले. आज बहुतेक कातकऱ्यांनी कात उकळताना पाहिलेलाही नसेल.

या जंगल कायद्याविरुद्ध १९३० साली महाराष्ट्रात ठिकठिकाणी सत्याग्रह झाले. त्यांपैकी एक पनवेलपासून जवळच, उरण तालुक्यातील चिरनेर येथे झाला. २५ सप्टेंबर १९३० रोजी आसपासच्या गावांतील लोक अक्कादेवीच्या डोंगरावर राखीव जंगलातील झाडे तोडण्यासाठी जमले. आगरी होते, कोळी होते, कातकरी होते. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही मृत्युमुखी पडले. त्या गोंधळात सरकारचे मामलेदारही गोळी लागून ठार झाले. हुतात्म्यांपैकी एक होते नाग्या महादू कातकरी. चिरनेरला हुतात्म्यांचे स्मारक आहे, आणि दरवर्षी २५ सप्टेंबरला तेथे मानवंदना दिली जाते. अक्षीच्या शिलालेखानंतर नऊशे अठरा वर्षांनी या भूमीच्या इतिहासात एका कातकऱ्याचे नाव ठळकपणे लागले. ते लागण्यासाठी त्याला गोळी खावी लागली. मी ज्यांच्याबरोबर कर्नाळा चढलो, त्या बाबांना नाग्याचे नाव ठाऊक होते. ते म्हणाले, "आमचा व्हता तो." अधिक काही ते बोलले नाहीत.

कात गेल्यावर कातकरी कोळसा पाडू लागले, आणि पुढे वीटभट्ट्यांवर जाऊ लागले. ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. पावसाळ्यात शेतावर मजुरी मिळते. पाऊस सरला की हाताला काम नसते. अशा वेळी भट्टीचा मालक आगाऊ रक्कम देतो. ती घेतली की दिवाळीनंतर अख्खे कुटुंब भट्टीवर जाऊन राहते. माती मळायची, विटा थापायच्या, वाळवायच्या, रचायच्या. नवराबायको दोघांनी थापलेल्या विटांची मोजणी एकत्र होते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. पुष्कळदा तो असा निघतो की घेतलेली रक्कम फिटलेली नसते. उरलेले पुढच्या वर्षी. कागदावर अंगठा उमटतो. मुंबईच्या आणि नव्या मुंबईच्या कितीतरी भिंती या विटांनी उभ्या आहेत. आणि विटा पाडणाऱ्याची स्वतःची झोपडी कुडाची असते. अनेक वाड्यांत तर ती झोपडी ज्या जमिनीवर उभी आहे, ती जमीनही दुसऱ्याच्या नावावर असते. जमिनीला भाव आला की त्या वाडीभोवती एके दिवशी तारेचे कुंपण पडते. पनवेलच्या आसपास जमिनीला भाव आला आहे, हे निराळे सांगावयास नको.

या सर्व हलाखीत कातकऱ्यांजवळ एक धन उरले आहे, आणि ते पाहावयाचे असेल तर जूनच्या पहिल्या पावसानंतर पनवेलच्या बाजारात जावे. रस्त्याच्या कडेला कातकरी स्त्रिया पानांवर रानभाज्या मांडून बसलेल्या असतात. शेवळे, कुरडू, टाकळा, भारंगी, करटोली. त्यांतली शेवळे ही मोठी अजब वस्तू. पहिला पाऊस पडला की जमिनीतून नुसता जांभळट कोंब वर येतो. त्याची भाजी फार रुचकर होते. पनवेल-पेणकडील कित्येक घरांत ती कोलंबी घालून करतात आणि वर्षभर तिची वाट पाहतात. परंतु ती तशीच शिजवली तर घशाला अशी खाज सुटते की विचारू नये. म्हणून तिच्यातला पिवळा भाग काढून टाकायचा आणि भाजीत काकडाची आंबट फळे घालायची. शेवळांच्या जुडीबरोबर ही फळे कातकरीण न मागता देते. शेवळे जमिनीत आणि काकड झाडावर; दोन्ही एकाच सुमारास येतात, आणि एकाचा दोष दुसरे काढते, हे प्रथम कोणी ताडले असेल? किती जणांच्या घशाला खाज सुटल्यावर? कडूकंदाचेही तसेच. तो चिरून, राखेत उकडून, वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो. तेव्हा त्यातले विष उतरते. ही विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आलेली नाही, आणि ती अवगत असणाऱ्यांना आपण अडाणी म्हणतो.

मी बाजारातल्या एका वृद्धेला विचारले, "मावशी, एवढी नावं लक्षात कशी राहतात?" ती माझ्याकडे कौतुकाने पाहत म्हणाली, "तुमाला तुमच्या पोरांची नावं ध्यानात ऱ्हातात ना?"

परंतु या नावांचेही आता कठीण होत चालले आहे. कातकऱ्यांची स्वतःची बोली आहे. ती मराठीला जवळची असली, तरी तिचे शब्द निराळे, हेल निराळे. शाळेत ती बोलली की इतर मुले हसतात. ज्या महिन्यांत वर्ग भरलेला असतो, त्यातले बरेचसे महिने मूल भट्टीवर असते. परतते तेव्हा धडे पुढे गेलेले असतात. अशा मुलाला शाळा आपली वाटत नाही; आणि वाडीतही ज्यांच्याजवळ जुने ज्ञान आहे, ती माणसे थकत चालली आहेत.

मागच्या पावसाळ्यात बाबांच्या नातवाला बरोबर घेऊन मी रानात गेलो. दहा-अकरा वर्षांचा मुलगा. नुकताच भट्टीवरून परतलेला. तळहातांवर मातीच्या भेगा अजून होत्या. वनस्पतींची नावे टिपण्यासाठी मी एक वही ठेवली आहे. तो पुढे चाले, पान तोडून हातात देई आणि नाव सांगे. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की पुष्कळशा झाडांना तो दोन नावे सांगतो: एक बाजारातले, मोठ्याने, आणि दुसरे घरातले, अगदी हळू. मी दुसरे नाव पुन्हा विचारले की तो इकडेतिकडे पाही. तेथे तर आम्हा दोघांखेरीज कोणीही नव्हते. मी वहीत दोन्ही नावे लिहू लागलो. तो माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला आणि अक्षरे लावून वाचू लागला. चौथ्या ओळीवर त्याने बोट ठेवले.

"हे असं नाय, गुरुजी," तो म्हणाला. मग त्याने ते घरातले नाव आणखी एकदा सांगितले, या वेळी सावकाश आणि मोठ्याने, मला नीट लिहिता यावे म्हणून.